बूच, पट्टा, दोर

"आज एक शब्द नाही," पिपने बाबाला बजावलं आणि आपल्या सहा महिन्यांच्या लेकीला, टुईला, त्याच्या कडेवर दिलं. "ती तुझी यादीसुद्धा नाही. होडी मी एकटी पाण्यात घालणार. जमलं, तर होडी माझी. नाही जमलं, तर सोमवारी विकायला काढायची. रडायचं नाही."

बाबाने, म्हणजे नेव्हिलने, मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी त्याला गार पाण्यात उतरायची बंदी केल्यापासून त्याची होडी 'कुआका' दोन उन्हाळे अंगणात ट्रेलरवर बसून होती.

पिपने टुईच्या गालावरचा काळा डाग बाहीने पुसला. "हे काय लागलंय हिला? पहाटे कुठे घेऊन गेला होतास?"

नेव्हिलने बोट ओठांवरून काढलं नाही.

खाडीवर, होड्या पाण्यात घालायच्या सिमेंटच्या उतारापाशी, भरती भरत आली होती. कुआकाच्या पोटाखाली छातीएवढं उंच शिशाचं पातं. ते बुडेल एवढं पाणी या उतारावर महिन्यातून दोनदाच येतं, आणि जेमतेम अर्धा तास टिकतं. एरवी ट्रेलर तेवढ्या खोलात न्यायला गेलं, की सिमेंट संपतं आणि चाकं चिखलात बसतात.

पिप स्वतःशी पुटपुटत एकेक काम उरकत होती. ट्रेलरच्या चाकांमागे ठोकळे. ट्रेलर गाडीपासून सोडवला, मध्ये वीस हात लांब जाड दोर बांधला, म्हणजे ट्रेलर खोल गेला तरी गाडी कोरडी. होडीच्या नाकाचा दोर धक्क्याच्या कड्याला. गाडी थोडी पुढे, दोर ताठ, ठोकळे बाहेर.

मागे वायरेमू आपली पत्र्याची होडी घेऊन खोळंबला होता. "नेव्हिल, आज जीभ घरी विसरलास काय रे?"

नेव्हिल नुसता हसला. तीस वर्षं या उतारावर होडी कोणाचीही असो, आरोळी त्याचीच असायची. "बूच! पट्टा! दोर!" लोक वैतागायचे, पण खाली वाकून बघायचे.

आणि आता त्याला दिसलं. होडीच्या मागच्या अंगावरून नारिंगी पट्टा ट्रेलरला तसाच आवळलेला होता.

त्याने तोंड उघडलं. मिटलं.

पिप गाडी मागे घेऊ लागली. ट्रेलर पाण्यात शिरला, चाकं दिसेनाशी झाली. कुआकाचं नाक उचललं. मागची बाजू मात्र जागची हलेना. पाणी तिच्या काठापासून वीतभर राहिलं.

"का नाही तरंगत ही?" पिपने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पोरी, उतरवतेयस की बुडवतेयस?" वायरेमू ओरडला.

नेव्हिलचे कान लाल झाले. त्याने टुईला उंच धरलं आणि तिच्याशी बोलायला लागला. अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"टुई, बघ गं बघ! आईच्या होडीला शेपूट आहे! नारिंगी शेपूट!"

पिपने वळून पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "बाबा! काय ठरलं होतं?"

"टुई, सांग आईला, आपण दोघं आपापलं बोलतोय."

वायरेमू हसून हसून गाडीला टेकला.

ताणलेल्या पट्ट्याचा खटका सुटेना. पिपने गाडी दोन हात पुढे घेतली, ओढ सैल झाली, मग ती गळ्यापर्यंत पाण्यात शिरली. बोटं गारठली. धक्क्याच्या खांबावर पाण्याच्या वर बोटभर ओली रेघ उघडी पडली होती. पाणी उतरायला लागलं होतं. तिने रेघेकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं नाही. खटका दातओठ खाऊन दाबला. पट्टा सुटला.

पुन्हा गाडीत. पुन्हा मागे, एक हात, दोन हात, आणखी थोडं. वायरेमू हसायचा थांबला.

कुआकाने अंग हलवलं आणि झोपेतून उठल्यासारखी ट्रेलरवरून सुटली.

पिपने दोराने तिला धक्क्याला ओढून आणलं आणि उडी मारून आत शिरली. दोन्ही हात वर केले. "बाबा! झालं! माझी झाली!"

नेव्हिल टुईच्या केसांत तोंड लपवून उभा राहिला.

तेवढ्यात पिपचे हात खाली आले. बूच. सकाळपासून बुचाचं नावही तिच्या मनात आलं नव्हतं. दोन उन्हाळे पावसाचं पाणी तळाच्या भोकातून वाहून जावं म्हणून ते काढून ठेवलं होतं. ती मागच्या बाजूला गुडघ्यांवर कोसळली आणि तळावरची फळी उपसली.

आत कोरडं होतं. बूच जागच्या जागी, पक्कं पिळलेलं.

"बाबा," तिने वर न बघता विचारलं, "बूच कधी लावलंस?"

धक्क्यावरून टुई तिच्या भाषेत खूप काही सांगत होती.

बुचाभोवती काळं, ताजं ग्रीस चोपडलेलं होतं. त्यात एका जाड अंगठ्याचा ठसा होता. आणि त्याला चिकटून दुसरा, हरभऱ्याच्या डाळीएवढा.