वळणापलीकडं

“गाडी थांबलीच न्हाय, बाई,” इरम्मा म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

निकिताचं पेन वहीवर तसंच राहिलं. सकाळपासून ती या गावात घरोघर विचारत फिरत होती. पाचव्या दारात ही बाई सापडली तेव्हा तिला नाचावंसं वाटलं होतं.

कळंबची निकिता सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पुस्तक लिहीत होती. दीड वर्ष तिनं आकडे जमवले, नकाशे काढले, धाबे मोजले. ते सगळं वाचून संपादक उमाशंकर सरांचा फोन आला. “रस्ता दिसतो, रस्त्यावरचं माणूस दिसत नाही. कुणाला तरी बोलतं करा. त्याच्या बोलण्यात दुसऱ्याची गोष्ट आली तर अडवू नका. तिच्या पोटात तिसरी असेल तर तीही येऊ द्या. मात्र पुस्तक खऱ्याचं आहे. शेवटच्या माणसाच्या दारापर्यंत जाऊन खात्री करा.”

आणि नळदुर्गला पंक्चरच्या दुकानात लिंबाजी भेटले. चाळीस वर्षं गाडी चालवून आता बाकड्यावर बसून असलेले. त्यांनी आपल्याला गाडी शिकवणाऱ्या उस्तादाची गोष्ट सांगितली. तीस वर्षांमागं उस्ताद वऱ्हाडाचा टेम्पो घेऊन आडरस्त्यानं चालला होता. वळवाचा पाऊस नुकताच कोसळून गेलेला. हिरवा चुडा भरलेली एक पोर हात पसरून गाडीला आडवी आली आणि कानडीत ओरडू लागली. उस्तादाला कानडी येत नव्हती. त्यानं गाडी कडेनं काढली. वळण घेतलं न घेतलं तोच मागं बसलेली एक म्हातारी केबिनवर मुठी आपटू लागली. तिला कानडी कळत होती. “आरं थांब, पूल गेला म्हनतीया ती पोर!” उस्तादानं ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. पुढं दहा हातांवर रस्ता संपला होता. खाली लाल पाणी घोंगावत होतं. मग टेम्पो मागं घेऊन सगळे दुसऱ्या वाटेनं गेले.

“बत्तीस माणसं वाचली,” लिंबाजी म्हणाले होते.

त्या संध्याकाळी निकिता जेवायच्या आधीच लिहायला बसली. तिनं एका बैठकीत प्रकरण लिहून काढलं. रस्त्याच्या पोटात लिंबाजी, लिंबाजींच्या पोटात उस्ताद, उस्तादाच्या पोटात ती पोर. उरलं होतं फक्त त्या पुलाजवळच्या गावात जाऊन त्या पोरीला गाठणं.

ती पोर आता पन्नाशीची होती, आणि गाडी थांबलीच नाही म्हणत होती. म्हणजे प्रकरण फाडायचं.

“आक्का, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. पहिल्यापासून.”

“लगीन होऊन म्हैना बी झाला नव्हता,” इरम्मा सांगू लागली. “रानातनं येताना पूल खचलेला बघितला. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. पळत सुटले. मराठी कुठं येत हुतं मला? पूल होग्याद, होगब्याड्री, म्हणून कानडीतच वरडले. पूल गेलाय, जाऊ नगासा. गाडी बाजूनं गेली निघून. वळणावर दिसंनाशी झाली. मला लई भ्या वाटलं. घरला पळाले.”

“नंतर कुणाला विचारलं नाही?”

“गावात कुणी काय बोललं न्हाय. वाटलं, पाण्यानं गाडीसकट नेलं समद्यांना. इचारायचा धीर झाला न्हाय.” तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. “मग मराठी शिकले. पुन्हा कुणाला सांगायची येळ आली तर तोंड मुकं नगो.”

निकिता ऐकता ऐकता ताठ झाली. इरम्माची गोष्ट वळणावर संपत होती. लिंबाजींची गोष्ट वळणापलीकडं गेली होती. खोटं कुणीच बोलत नव्हतं. या बाईला तीस वर्षं अर्धीच गोष्ट मिळाली होती.

ती वही मिटून इरम्माजवळ सरकली. “आक्का, वळणाच्या पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे.”

तिनं सांगितलं. म्हातारी, मुठी, ब्रेक, दहा हात. शब्द एकमेकांवर आदळत होते.

इरम्मानं तिचं मनगट धरलं. “पुन्यांदा सांग,” ती म्हणाली. निकितानं पुन्हा सांगितलं. “आता ज्यानं तुला सांगितलं त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

निकितानं लिंबाजींना फोन लावला. ती बाई सापडली आहे, समोरच आहे, एवढंच बोलून तिनं स्पीकर लावला आणि फोन इरम्माकडं दिला. इरम्मानं तो दोन्ही हातांत धरला.

“त्यात लेकरं हुती का वो?”

“नऊ हुती,” लिंबाजींचा आवाज आला. “समदी सुखरूप. नवरा-नवरी बी.”

इरम्मा हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. “नऊ,” ती निकिताला म्हणाली, जणू निकितानं ऐकलंच नव्हतं. मग फोनकडं वळली. “दादा, तुमचं उस्ताद असतील तिथं त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी गाडी थांबवली, माझा जीव सुटला.”

फोनमागं एक ट्रक हॉर्न देत गेला.

“उस्ताद कुणी न्हवता, आक्का,” लिंबाजी म्हणाले. “तुमाला येडी म्हनून कडंनं गाडी काढली, ती म्याच.”