रांगेतली अकरावी

छावणीच्या फाटकापाशी दहाच जणी उभ्या होत्या. मेजरबाईंनी पुन्हा मोजलं. दहाच. ती खोकणारी म्हातारी आली नव्हती.

पंधरा दिवस त्या रोज सकाळी या अकरा जणींना सरपणासाठी बंदोबस्तात रानात नेत होत्या. आधी शांतिसेनेची गस्त पुलावर असायची, कारण धोका कुठे आहे हे गावातल्या पुरुषांनाच विचारलं गेलं होतं. मेजरबाईंनी बायकांना विचारलं. बायकांनी रानातली वाट दाखवली. तिथे हत्यारबंद टोळी दबा धरून बसायची.

"मग तुम्हीच का जाता?" पहिल्या दिवशी त्यांनी दुभाषी बाईकडून म्हातारीला विचारलं होतं. "घरात तरणं कुणी नाही?"

"पुरुष गेला तर जिवानिशी जातो. पोरगी गेली तर..." म्हातारीला खोकल्याची उबळ आली. "आम्ही पिकली पानं. आमचं काही झालं तरी घर चालतं."

कमांडरसाहेबांना हे पटत नव्हतं. "पंधरा दिवसांत एकही हल्ला नाही, मान्य," ते काल म्हणाले. "पण आधीच्या नोंदवहीतही एकही नाही."

"नोंद घ्यायला बाई कुठे होती, साहेब?"

"ते राहू द्या. फरक काय पडला ते दाखवा. नाहीतर या आज्यांना फिरवणाऱ्या गाड्या उद्या दुपारी पुन्हा पुलावर."

आणि आज दहाच. म्हातारी एकटीच पुढे रानात गेली असेल तर? गाडी थांबवून मेजरबाई तिच्या घरी विचारायला वस्तीकडे धावत निघाल्या. मागून दुभाषी बाई.

समोरून सतरा-अठरा वर्षांची मुलगी येत होती. खांद्यावर दोर, हातात कोयता. उशीर झाल्यामुळे धापा टाकत होती.

"तू कुणाची?"

तिने म्हातारीचं घर दाखवलं. "नात."

"आजी कुठे आहे?"

"घरीच. गुडघे दुखतात म्हणाली."

मेजरबाईंनी रोखलेला श्वास सोडला. "फार दुखतायत? डॉक्टरला पाठवू का?"

"छे हो, दहा वर्षं झाली दुखतायत," नात हसली. "मला पाठवलं ते आज."