देवानंदचा निरोप

देवानंद अकरा धावांवर झेल देऊन परत निघाला, आणि दयारामला रडू येण्याऐवजी हायसं वाटलं. संपलं एकदाचं. मार्चचं ऊन, पत्र्याची खुर्ची आणि चौसष्ट वर्षांची कंबर. माणसाने असे रविवार काढायचे तरी किती?

ही देवानंदची शेवटची मॅच होती. वय चव्वेचाळीस. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय त्याला पळता येत नव्हतं. चिखली तालुक्यात टेनिस बॉलवर याच्यासारखा फलंदाज झाला नाही, असं दयारामचं ठाम मत. कोणी दुसरं नाव घेतलं की तो भांडायला उठायचा. एकवीस वर्षांत त्याने देवानंदची एकही मॅच चुकवली नव्हती. मेहकर असो नाहीतर पार वरवट बकाल, जीपच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन दयाराम हजर. चाहता असावा तर असा, असं लोक म्हणायचे. त्याची बायको भिमाबाई मात्र म्हणायची, या माणसाला क्रिकेटचं वेड नाही, कसलंतरी दुखणं आहे.

भिमाबाईचं बरोबर होतं.

एकवीस वर्षांपूर्वी गावात दयारामचा एसटीडी बूथ होता. दुसरा फोन कोणाकडे नव्हता. नोकरीचा अर्ज असो की सोयरिकीची बोलणी, अर्धं गाव पीपी नंबर म्हणून त्याचाच नंबर द्यायचं. फोन आला की दयाराम गल्लीच्या तोंडाशी जाऊन हाळी घालायचा. देवानंद नागपूरला निवड चाचणीला जाऊन आला, तेव्हा त्यानेही तोच नंबर दिल्याचं सांगितलं. फोन करतो म्हणालेत, म्हणाला. झालं, दुसऱ्या दिवसापासून बूथवर विचारणाऱ्यांची रांग.

फोन शनिवारी दुपारी आला. लाईन खरखरत होती. पलीकडचा माणूस घोगऱ्या आवाजात हिंदी बोलत होता. देवानंदला उद्या सकाळी नागपुरात मैदानावर हजर राहायला सांगा, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

दयाराम रिसिव्हर हातात धरून उभाच राहिला. उद्या मेहकरला फायनल होती, आणि गाव पहिल्यांदाच फायनलला पोचलं होतं. देवानंद गेला की फायनल गेली. शिवाय तो एकदा नागपूरचा झाला की त्याची फलंदाजी आपल्याला कुठली दिसायला, हेही मनात आलं. खोटं कशाला बोला! दयारामने कोणालाच काही सांगितलं नाही.

देवानंदने अठ्ठ्याऐंशी केल्या. कप गावात आला, गुलाल उधळला गेला, आणि दयारामची झोप गेली ती कायमची. पोराचं आयुष्य आपण खाल्लं, एवढं एकच डोक्यात. आता निदान त्याची एकेक धाव डोळ्यांनी पाहायची आणि टाळ्या वाजवायच्या. दुसरं काय हातात होतं? टाळ्या वाजवून वाजवूनसुद्धा माणूस थकतो, हे कोणाला सांगून पटत नाही.

उद्या देवानंद गाव सोडणार होता. त्याची लेक प्रतीक्षा पुण्यात नोकरीला होती, तिच्याकडे कायमचा चालला होता. म्हणजे सांगायचं तर आजच. मग तो तोंडावर थुंकला तरी चालेल, असं ठरवूनच दयाराम घरून निघाला होता.

मॅचनंतर सत्कार झाला. सरपंचबाईंनी देवानंदला शाल पांघरली. देवानंदने ती काढून सरळ दयारामच्या अंगावर घातली, आणि माईक हातात घेऊन म्हणाला, या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, कोणते ते मात्र विचारू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैदान रिकामं झालं. देवानंद बाकावर बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होता. दयाराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. बसायची हिंमत झाली नाही.

"देवा, तुह्यासाठी नागपूरचा फोन आला होता. मेहकरच्या फायनलच्या आदल्या दिवशी. म्या तुले सांगतलं नाही."

देवानंदने पट्टा बाजूला ठेवला.

"काऊन?"

"फायनल जाईन म्हणून. अन् तू जाशीन म्हणून."

मग दयारामला थांबता येईना. मार मला, शिव्या दे, गावभर सांग, पण काही न बोलता जाऊ नको, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. देवानंदने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. त्याचा आवाज दमलेला होता.

"काका, नागपूरवाल्यांनी मले पहिल्याच दिवशी घरी पाठवलं होतं. गावात तोंड कसं दाखवू, म्हणून फोन येईन असं सांगून बसलो. मंग रोज जो तो इचारे. बोलावणं आलं, पण फायनल सोडून गेला नाही, एवढं गाव म्हणलं असतं त बस होतं मले. त्या शनिवारी मी चिखलीले गेलो, स्टँडजवळच्या बूथवर."

दयाराम त्याच्या तोंडाकडे पाहू लागला.

"तुम्ही कोणालेच काही सांगतलं नाही," देवानंद म्हणाला, "तवापासून मले वाटून राह्यलं होतं, काकानं माहा आवाज ओळखला अन् माही लाज झाकली."