यादीतलं पहिलं नाव

"माझं नाव काहून लिवलं?" साखऱ्याच्या शाळेत, चार बायांच्या देखत रूपाबाईनं सुनेला विचारलं.

सून दिपा ही तांड्याची आशाताई, घरोघरी जाऊन आरोग्याचं बघणारी. आज शाळेत कातडीच्या रोगाचं शिबिर होतं आणि यादीत पहिलं नाव सासूचंच.

"एकदा दाखवलं तर काय बिघडतंय, आत्याबाई?"

बिघडतंय कसं न्हाई? रूपाबाईच्या टाचेखाली चिंचोक्याएवढा काळा डाग होता. मधूनमधून चिघळायचा. लेक सोडला तर तिनं तो कुणाला बघू दिला नव्हता. सुनेनं कधी चोरून बघितला कुणास ठाऊक, आणि आज गावासमोर मांडला. वर "नुसतं बसायला चला" म्हणून फसवून आणलेलं. पोटच्या पोरीसारखं वागवलं आणि हिनं असा केसानं गळा कापला. रूपाबाईला भरून आलं.

आणि दाखवायचं तरी काय? दोन वर्षांखाली लेकानं, प्रेमदासनं, तिला नांदेडला नेलं होतंच की. तिथं एका पोरसवदा डॉक्टरानं चिमूटभर कातडं काढून घेतलं. रिपोर्ट आणायला पोरगा एकटाच गेला. घरी हळद शिजवायची चालू होती आणि कढईपाशी रूपाबाईशिवाय कुणाचं काही चालत नव्हतं. संध्याकाळी तो मलम घेऊन आला आणि आईला म्हणाला, "काटा मोडून बसलाय, याडी. दुसरं काही न्हाई." तेव्हापासून रोज सकाळी पट्टी तोच बांधायचा. आईचा पाय मांडीवर घेणारा असा लेक अख्ख्या तांड्यात नव्हता.

आज सकाळीही शेताकडं जाताना बजावून गेला होता, "शिबिराला जाऊ नको. तुझं बघून झालंय."

नांदेडहून आलेल्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. रूपाबाईच्या शेजारी बसलेल्या पारुबाईनं त्यांना मधेच अडवलं. "आमी काळे माणसं, बाई. जल्म उन्हात गेला. आमाला काय व्हतंय?"

"काळी कातडी उन्हानं कमी भाजते, खरंय. तरी डोकं-मान झाका, भर दुपारी सावलीला बसा. पण आपल्यासारख्यांना कातडीचा कॅन्सर जिथं ऊन लागत नाही तिथंही धरतो. तळहात, तळपाय, नखाखाली. तिथं कुणी बघतच नाही."

रूपाबाईनं पाय घागऱ्याखाली ओढून घेतला.

"मागं एका मुलाच्या हातात मीच त्याच्या आईचा रिपोर्ट दिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हटलं, लगेच आणा, ऑपरेशन केलं तर वाचतील. आणतो म्हणाला. महिना झाला, आला नाही. फोन लावला, तर आई वारली होती."

बाया चुकचुकल्या. रूपाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कोण कुठली बिचारी, लेकाच्या भरवशावर बसली असंल.

"मुडदा बसवला त्याचा," ती पारुबाईला म्हणाली. "माझ्या प्रेमदासनं मला पाठीवर टाकून नेलं असतं."

पण त्या मेलेल्या बाईनं मनात घर केलं. नाव पुकारलं तेव्हा रूपाबाई गुमान उठली, खुर्चीवर बसली आणि पट्टी सोडली. दिपाकडं बघितलं मात्र न्हाई.

डॉक्टरीणबाई डाग बराच वेळ बघत राहिल्या.

"किती दिवस झाले?"

"दोन-अडीच वर्षं. काट्याचं हाय ते."

"काट्याचं म्हणून कोण म्हणालं?"

"लेक म्हणाला. नांदेडला दाखवलंय आमी."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. प्रेमदास शेतातून तसाच आला होता, चिखलाच्या पायांनी.

"याडी, ऊठ. तुला नको म्हणलं व्हतं ना? चल घरी."

"थांब रे, बाई बघून राहिल्या."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. प्रेमदास जागीच थबकला. त्या एकदा त्याच्याकडं, एकदा रूपाबाईकडं बघत राहिल्या.

"तुम्ही तर मला फोनवर सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "आई वारली म्हणून."