ओले केस

बारा हजार किलोमीटर, चौदा तासांचा विमानप्रवास. अंग नुसतं आंबून गेलं होतं. विमानतळाबाहेर ताईने मला मिठी मारली आणि चटकन मागे सरकली.

"अरे, विमानाने आलास की पोहत? केस ठिबकताहेत!"

खरंच, मानेवरून पाणी ओघळत होतं. पण मी अंघोळ केली होती ती घरून निघताना. काही कळेना. आधी आईला फोन लावला.

"आई, पोचलो गं."

"बाथरूममध्ये फोन घेऊन गेलायस? चेष्टा पुरे, आवर! विमान चुकेल."

"अगं, मी ताईजवळ आहे."

फोनमधून शॉवरचा आवाज येत होता. मग आईने दार ठोठावलेलं ऐकू आलं.

आतून माझाच आवाज म्हणाला, "आलोच गं, दोन मिनिटं!"