सासूबाईंचं नाक

सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि सुनेने श्वास रोखला. कोंबडी नासली होती.

"वाढते हं, गरमागरम आहे," म्हणत सासूबाईंनी तोंडावर वाफ घेतली आणि समाधानाने हसल्या. गेल्या थंडीतल्या तापापासून त्यांना वास येईनासा झाला होता. नाक तेवढं चेहऱ्यावर शाबूत होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होती. जन्मभर स्वयंपाकघरावर राज्य केलेल्या बाईला कोण सांगणार? आईच्या हातच्याला नावं ठेवायची नाहीत, असं सुनेला तिच्या नवऱ्याने बजावलं होतं. तिने आपल्या छोटीलाही तेच पढवलं. तेव्हापासून करपलेलं, आंबलेलं सगळे मुकाट गिळत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दोन्ही वेळेला.

"आई, ही कालचीच ना?" सुनेने विचारलं.

"कालचीच. वीज गेली, फ्रीज बंद पडला, मग ओट्यावरच झाकून ठेवली. आज दोनदा खळखळून उकळलीये. उकळलं की सगळं मरतं."

सगळं मरत नाही, हे सुनेला माहीत होतं. एवढ्या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या मांसात जे विष तयार होतं, ते उकळूनही जात नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला आणि ताट पुढे केलं. आईच्या डोळ्यांत पाणी बघण्यापेक्षा त्याला हे परवडत होतं. सुनेला त्याचा रागही आला आणि कीवही. शेजारी छोटी टेबलावर हनुवटी टेकून बसली होती.

सून उठली. "द्या आई, मी वाढते." तिने पातेलं हातात घेतलं आणि सोडून दिलं. रस्सा फरशीवर, भिंतीवर, नवऱ्याच्या पँटवर.

"अगं, हातात जीव आहे की नाही? वेंधळी ती वेंधळीच!"

"चुकलं, आई." फडकं घेऊन सून खाली बसली. वेंधळी तर वेंधळी. साप मेला होता आणि काठीही मोडली नव्हती. तिला हसू आवरेना.

"जाऊ दे, तुम्हाला अंडी उकडते," सासूबाई निवळल्या. "छोटीचं तर झालंय. शाळेतून आली तशी मीच भरवलं. गुणाची गं पोर! सगळी वाटी संपवली."

सुनेचा हात फरशीवर थांबला. छोटी खुर्चीवरून उतरून तिच्या कानाशी आली. तिचं कपाळ घामाने ओलं झालं होतं.

"खूप घाण वास येत होता, आई," ती कुजबुजली. "पण मी आजीला कळूच दिलं नाही."

आणि शाबासकीसाठी आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.