शिशाखालचं पाऊल

कँटनच्या वखारीत आ-शुईनं खोक्यातला चहा पायांनी तुडवून दाबला आणि तो स्वतः खोक्याबाहेर आला. मुकादम ल्यांगनं वर शिशाचा पत्रा ठेवून कडांना डाख दिला.

तेवढ्यात आतून चहा तुडवल्याची करकर ऐकू आली.

"मुकादम, आत कोणीतरी आहे."

"असेल तर जाऊ दे फुकटात विलायतेला! ओहोटी लागली की जहाज सुटेल. लाकडी झाकण ठेव आणि ठोक खिळे."

पत्रा खालून हळूच फुगला. त्यावर पाऊल उमटलं, करंगळी नसलेलं.

आ-शुईच्या थोरल्या भावाचं पाऊल असंच होतं. दोघं शेजारी शेजारी चहा तुडवायचे. गेल्या वर्षी तो चहाच्या जहाजावर चढला, तो परतलाच नाही.

आ-शुईनं पत्र्यावर तळहात टेकला. "दादा?"

आतली करकर थांबली.